बंदुकीचं तोंड कुठे आहे?

मुलाला किंवा मुलीला नेमबाजीला घालायचं म्हणून येणारे पालक पहिला प्रश्न हमखास एकच विचारतात, "मॅडम, लायसन लागतं का?" कामशेतचा भात गिरणीवाला असो, तळेगावच्या एमआयडीसीतला इंजिनिअर असो, नाहीतर पवन मावळातून नातवाला हाताला धरून आलेली आजी असो, प्रश्न तोच. दहा मीटरवरून मारायच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे त्याचं उत्तर. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या बंदुकीला दोन मर्यादा घातल्या आहेत. नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरपर्यंत, म्हणजे .१७७ इंच, आणि सुटणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत. या दोन्ही मर्यादांच्या आत बसणारी बंदूक परवान्याशिवाय घेता येते. त्यापुढच्या बंदुकीला परवाना हवा. काडतुसाच्या .२२ रायफलला तर १९५९ चा शस्त्र कायदा पुरता लागू होतो, आणि तिची रेंज चालवणाऱ्या क्लबलाही परवाना काढावा लागतो.

एवढं ऐकलं की समोरचा माणूस सैलावतो. आजी म्हणाल्या होत्या, "मंग भ्या कशाचं, बाई?" त्यांना मी आकडे सांगितले. स्पर्धेतला छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल भरते. कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही माणसाचा डोळा कायमचा घालवायला ती भरपूर होते. कायद्याने परवाना मागितला नाही, म्हणून सगळी जबाबदारी रेंज चालवणाऱ्यावर आली. मावळात गेल्या काही वर्षांत शाळांच्या हॉलमध्ये, फार्महाऊसवर, रिसॉर्टच्या हिरवळीवर अशा रेंज निघत आहेत. त्या निघाव्यात, मला आनंदच आहे. पण परवाना लागत नाही म्हणजे नियमही लागत नाहीत, असा जो समज पसरला आहे, त्याची मला खरी काळजी वाटते.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, एनसीसीत .२२ चालवली, आणि आता कामशेतजवळच्या एका जुन्या भाताच्या गोदामात दहा मीटरची रेंज सांभाळते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून ब्राँझ घेतलं, तेव्हापासून चौकशीला येणारे वाढले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि सराव बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात केलेला. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल आम्हाला हायवेने तासाभरावर. लोणावळा लोकलने पुण्याला जाणाऱ्या आमच्या पोरांना तो आपल्या घरचा वाटतो, यात नवल नाही.

रेंज बघायला गेलात तर बंदुका नंतर बघा, आधी भिंत बघा. गोदाम ताब्यात आलं तेव्हा लक्ष्याच्या बाजूला एक खिडकी होती आणि कोपऱ्यात पोती आत घ्यायचं दार. खिडकी विटांनी बुजवली. दाराला आतून अडसर घातला, कारण नेम धरलेला असताना त्या दारातून चहावाला डोकावला, तर त्याला वाचवणारं काहीच उरत नाही. फायरिंग लाइनच्या पुढे माणूस येऊ शकेल अशी एकही वाट उघडी नको. लक्ष्याच्या मागे लोखंडी पत्रा सरळ उभा केला तर छर्रा उलटून अंगावर येतो. म्हणून पत्रा खाली झुकवून लावतात आणि त्याच्या तळाशी छर्रे साठायला पेटी. अंतर दहा मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर, लक्ष्यावर किमान १५०० लक्स उजेड, ही आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांतली मापं. रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो दिसायला उजेड लागतोच, पण मला उजेड हवा असतो तो पोरांचे हात दिसावेत म्हणून.

सगळ्यात धोक्याचा क्षण कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी गोळी सुटण्याचा क्षण सांगणार नाही. छर्रा सुटतो, पोराला राहवत नाही, "लागली का?" म्हणत ते गर्रकन मागे वळतं आणि बंदूकही त्याच्याबरोबर वळते, तोच तो क्षण. नळीचं तोंड शेजारच्याच्या छातीवरून, मागे बाकावर बसलेल्या आईच्या चेहऱ्यावरून फिरतं. मोठी माणसं हेच करतात, फोटो काढून घेताना तर हमखास. म्हणून आमच्याकडे नवीन मूल पहिले काही वर्ग बंदूक उचलतच नाही. रिकाम्या हाताने उभं राहायचं, विचारायचं असेल तर जागेवरून, समोर बघत विचारायचं, मी त्याच्या बाजूला जाते. हे अंगवळणी पडलं की मगच बंदूक. काही पालकांना हा वेळकाढूपणा वाटतो. मी कुणासाठीही तो कमी केलेला नाही.

बंदूक हातात आली की तीन गोष्टी. तोंड कायम लक्ष्याकडे. बोट ट्रिगरच्या बाहेर, नेम धरून मारायचं ठरेपर्यंत. आणि बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी ती भरलेलीच समजायची, स्वतः उघडून बघेपर्यंत. भगव्या रंगाची प्लॅस्टिकची दोरी नळीतून आरपार घालतात, तिला आम्ही सेफ्टी फ्लॅग म्हणतो. पेटीतून बंदूक बाहेर निघाली की दोरी आत हवी. ती दुसऱ्या टोकाला दिसली म्हणजे नळीत छर्रा अडकलेला नाही, हे दहा पावलांवरूनही कळतं.

हुकूम चारच. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. देणारा माणूस एकच, रेंज ऑफिसर, आणि त्या वेळात त्याने मोबाइल उचलायचा नाही, पालकांशी बोलायचं नाही, कुणाची पोझिशन सुधारत बसायचं नाही. शिकवणारा आणि हुकूम देणारा माणूस वेगवेगळा असावा. छोट्या रेंजवर खर्चापायी दोन्ही कामं एकाकडे देतात, आणि तिथेच लक्ष फाटतं. आमच्याकडे "स्टॉप" म्हणायचा अधिकार मात्र सगळ्यांना आहे, सगळ्यात लहान पोरालासुद्धा. ऐकू आलं की प्रत्येकाने थांबायचं, ट्रिगर दाबायच्या बेतात असला तरी. कशासाठी थांबलो हे नंतर विचारायचं. एकदा एका मुलीने पुढे उतरलेल्या चिमणीसाठी ओरडून सगळ्यांना थांबवलं. काहींचा सूर बिघडला, कुरकुर झाली. मी तिला शाबासकी दिली.

मावळात एक नियम आम्हाला पुस्तकाबाहेरचा करावा लागला, तो लाइट जाण्याचा. जुलैत ती केव्हाही जाते आणि बुजवलेल्या खिडकीच्या गोदामात डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. लाइट गेली की जागचं हलायचं नाही. तोंड समोर, बोट बाहेर, बंदूक उघडलेली. माझ्या गळ्यात बॅटरी असते. मी एका टोकाकडून प्रत्येक बंदुकीत दोरी घातलेली हाताने तपासत जाते, आणि शेवटची तपासून झाली की मग पोरं मागे येतात. याचा सराव आम्ही मुद्दाम मेन स्विच बंद करून घेतो.

शिशाबद्दल फार कमी रेंजवाले बोलतात. छर्रा शिशाचा असतो. दहा मुलांनी साठ-साठ छर्रे मारले की तीनशे ग्रॅमच्या वर शिसं त्या पेटीत पडतं, आणि पत्र्यावर आपटून त्याची बारीक धूळ होते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. म्हणून रेंजवर जेवणाचा डबा उघडायचा नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत (मुलं धरतात!), घरी जाण्याआधी साबणाने हात धुवायचे. लक्ष्याखालची जमीन केरसुणीने झाडली की धूळ उडते, ती ओल्या फडक्याने पुसायची. साठलेले छर्रे झाकणाच्या डब्यात. ते मागच्या ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर टाकले तर पहिल्या पावसात इंद्रायणीच्या वाटेला लागतात, आणि त्याच पाण्यावर आपला भात पिकतो.

स्पर्धेच्या बंदुकांना हवेचं सिलिंडर असतं, दाब २०० बार. गाडीच्या चाकात असतो त्याच्या ऐंशी-नव्वदपट. त्यावर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षं झाली की ते वापरातून काढायचं. जुनं सिलिंडर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. मे महिन्यात घाटातल्या कोंडीत बंद गाडीत ते तापत ठेवू नका.

आता उघड्यावरच्या रेंजविषयी. फार्महाऊसवाले सांगतात, "मागे डोंगर आहे की." पण आपला डोंगर काळ्या कातळाचा. कातळावरून आणि साचलेल्या पाण्यावरून गोळी उसळते आणि कुठे जाईल याचा नेम नसतो. शिवाय तो डोंगर मोकळा नाही. विसापूर-लोहगडाच्या उतारांवर गुराखी असतात, मे महिन्यात करवंदं काढणाऱ्या बायका असतात, शनिवार-रविवारी ट्रेकर वाट चुकून कुठूनही उतरतात. .२२ च्या काडतुसांच्या खोक्यावर दीड मैलापर्यंतच्या धोक्याची सूचना छापलेली असायची. मैल, मीटर नव्हे. आमच्याकडची बहुतेक गावं त्याहून जवळजवळ आहेत. त्यामुळे मागे खडे चाळून काढलेल्या मऊ मातीचा उंच बांध लागतो, बाजूंना भिंती लागतात, आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात तो बांध दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावा लागतो, कारण तो धुपून खचलेला असतो. धुक्यात बांध दिसेनासा झाला की गोळीबार बंद. लाल निशाण चढवल्याशिवाय पहिली गोळी नाही. लष्करालासुद्धा हे चुकलेलं नाही. नगरजवळच्या के. के. रेंजसारख्या सरावक्षेत्रांसाठी १९३८ पासून वेगळा कायदा आहे आणि सरावाआधी आजूबाजूच्या गावांना सूचना द्यावी लागते.

फार्महाऊसवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, वाढदिवसात आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बंदूक परवान्याची असली तरीही.

पर्यटक म्हणून आलात आणि पोराने फुगे फोडायची बंदूक मागितली, तर त्याला नाही म्हणू नका. दोन मिनिटं थांबून बघा. बंदूक टेबलाला आखूड साखळीने अडकवली आहे का, म्हणजे ती मागे वळणारच नाही? फुग्यांच्या मागे छर्रा गिळणारा जाड पडदा आहे, की उलटवणारा पत्रा? डोळ्यांना गॉगल देतात का? आणि फुगे लावायला पोरगा वाकलेला असताना पुढचं गिऱ्हाईक बंदूक भरत नाही ना? हे शेवटचं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता न बोलता पुढे जाववत नाही. फुगे लावणारा तो पोरगा बहुतेक वेळा आपल्याच कुठल्यातरी वाडीवरचा असतो, बारा-चौदा वर्षांचा, आणि त्याला गॉगल कुणीच दिलेला नसतो.

मध्यंतरी आंदर मावळातल्या एका शाळेने रेंज काढायची म्हणून मला बोलावलं. हॉल चांगला होता, मुलं उत्साही, दोन बंदुका देणगीत आलेल्या. लक्ष्यं मात्र बालवाडीच्या वर्गाच्या भिंतीला लावली होती, आणि ती भिंत प्लायवूडची. मी सांगितलं, तोंड उलट दिशेला फिरवा, दगडी भिंतीकडे. समोर झुकवलेला पत्रा बसवा, बाजूचं दार पक्कं करा, हुकूम द्यायला वर्गशिक्षकांपैकी एकाला तयार करा. बंदुका तोवर कपाटात कुलपात ठेवा, किल्ली मुख्याध्यापकांकडे. दिवाळीच्या सुट्टीत काम होईल म्हणाले. झालं की मी पुन्हा जाऊन बघणार आहे.