एकूण आकड्याच्या आड

जिल्हा सल्लागार समितीच्या तिमाही बैठकीत एकेकाळी सायक्लोस्टाइल केलेले तक्ते वाटले जात. एखाद्या सदस्याने तक्त्याबाहेरचा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर पुढील बैठकीवर जाई. आता पडद्यावर डॅशबोर्ड असतो. तालुक्याच्या नावावर क्लिक करताच ठेवी, कर्जे, पीककर्जाचे उद्दिष्ट असे सर्व आलेख एकदम बदलतात आणि तालुक्यातून थेट शाखेपर्यंत उतरता येते. सोय निर्विवाद मोठी आहे. मात्र फिल्टर लावणे म्हणजे प्रश्न विचारणे होय. आणि प्रश्न चुकीचा असला तरी पडदा उत्तर देतोच, तेही तितक्याच ठामपणे.

बँकिंग क्षेत्रात याचे उत्तम उदाहरण म्हणजे कर्ज-ठेव गुणोत्तर, अर्थात बोलीभाषेतील ‘सीडी रेशो’. शंभर रुपयांच्या ठेवींमागे किती रुपयांची कर्जे दिली गेली, हे त्यावरून कळते. समजा, एका राज्यात चारच जिल्हे आहेत. महानगराच्या जिल्ह्यात ९०० कोटींच्या ठेवी व ९९० कोटींची कर्जे आहेत. उरलेल्या तिन्हींत प्रत्येकी १०० कोटींच्या ठेवी व ३५ कोटींची कर्जे. राज्याचे गुणोत्तर ९१ टक्क्यांच्या वर भरते, आणि ते पाहून कोणीही समाधानाने मान डोलावेल. महानगर फिल्टरने वगळताच तोच आकडा ३५ वर येतो. याउलट डॅशबोर्ड रचणाऱ्याने चार जिल्ह्यांच्या टक्केवारीची सरळ सरासरी काढली असेल, तर पडद्यावर सुमारे ५४ दिसतील. मूळ माहिती मात्र तिन्ही वेळा एकच.

हा केवळ अंकगणिताचा खेळ नाही. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार ज्या जिल्ह्याचे गुणोत्तर ४० टक्क्यांहून कमी, तेथे विशेष उपसमिती नेमून कर्जवाटप वाढविण्याची योजना आखावयाची असते. २० टक्क्यांखालील जिल्ह्यांकडे तर अधिकच लक्ष पुरवावयाचे असते. राज्याच्या सरासरीत दडून राहिलेला जिल्हा या नजरेतून सुटला, तर तेथील शेतकऱ्याची आणि छोट्या कारखानदाराची बचत इतरत्र कर्जरूपाने जात राहते.

येथे आणखी एक बारकावा आहे, आणि अनुभवी अधिकारीही तेथे अडखळतात. कर्जाला दोन पत्ते असतात : मंजुरीचे ठिकाण आणि विनियोगाचे ठिकाण. मुंबईतील शाखेने मंजूर केलेल्या कर्जातून उभा राहणारा कारखाना शेकडो किलोमीटर दूर, अगदी परराज्यातही असू शकतो. त्याच सूचनांप्रमाणे राज्य पातळीवर विनियोगाचे ठिकाण धरले जाते व त्यात ग्रामीण पायाभूत विकास निधीची रक्कम मिळविली जाते. जिल्हा पातळीवर मात्र मंजुरीचे ठिकाण ग्राह्य असते. साहजिकच राज्याच्या आलेखावरून जिल्ह्यावर उतरताना व्याख्याच बदललेली असू शकते. अशा वेळी जिल्ह्यांची बेरीज राज्याशी जुळली नाही, म्हणून संगणक विभागाला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

‘ग्रामीण’ हा फिल्टरही असाच फसवा. शाखा ग्रामीण की निमशहरी, हे जनगणनेतील लोकसंख्येवरून ठरते. दहा हजारांखाली ते ग्रामीण. शहराला खेटून वसलेले, बंगल्यांनी भरलेले गाव कागदोपत्री ग्रामीणच राहते आणि तेथील शाखेच्या भरघोस ठेवी दुर्गम खेड्यांच्या रकान्यात जमा होतात.

तारखेच्या फिल्टरबाबत एक साधे पथ्य आहे. ठेवी ही त्या-त्या दिवसाची शिल्लक असते. जून, सप्टेंबर व डिसेंबर या तिन्ही तिमाह्या एकत्र निवडल्या आणि डॅशबोर्डने त्या शिलकींची बेरीज केली, तर शाखेच्या ठेवी कागदावर सुमारे तिप्पट होतात! कर्जवाटपाची बेरीज करता येते, शिलकीची नाही.

सर्वांत सामान्य चूक मात्र विसरभोळेपणाची. सकाळी एका तालुक्यापुरता लावलेला फिल्टर दुपारीही तसाच राहतो, अहवाल छापला जातो आणि तालुक्याचा आकडा जिल्ह्याचा म्हणून वर पाठविला जातो. यास्तव जाणते अधिकारी छापील पानाच्या माथ्यावर निवडलेले सर्व फिल्टर नोंदवितात आणि एकूण शाखांची संख्या आधी पडताळतात. जिल्ह्यात बँकेच्या ४२ शाखा असताना पडद्यावर ११ दिसत असतील, तर पुढचे काही वाचण्याची गरजच नसते.

मोबाइल ॲपमध्ये खातेउतारा पाहणाऱ्या ग्राहकाचीही गोष्ट वेगळी नाही. प्राप्तिकर विवरणपत्रासाठी वर्षभराचे व्याज शोधताना १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा कालावधी निवडला, तर बेरीज अचूक येते, पण वर्ष चुकते. तेथे १ एप्रिल ते ३१ मार्च हाच कालावधी हवा, आणि खाती एकाहून अधिक असतील तर प्रत्येक खाते निवडलेले आहे ना, हेही पाहावयास हवे.