गुलबक्षी

(गुलबास, हिं. गुल-अब्बास, बं. कृष्णकली, क. संजे मल्लिगे, लॅ. मिराबिलिस जलापा, कुल-निक्टॅजिनेसी). अंगणात व परसात सर्वत्र दिसणारी ही बहुवर्षायू ओषधी मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. उंची सु. ६०–१०० सेंमी.; मूळ मांसल, खोडाची पेरी फुगीर, पाने समोरासमोर व अंडाकृती असतात. पांढरी, पिवळी, किरमिजी वा चट्ट्यापट्ट्यांची फुले दुपारी चारनंतर उमलून सकाळी मिटतात. मलयाळम्‌मधील ‘नालुमणिप्पूव’ या नावाचा अर्थच ‘चार वाजताचे फूल’ असा आहे.

मराठी नावाचे मूळ फार्सी ‘गुल’ (फूल) व ‘अब्बास’ हे विशेषनाम यांत आहे. हा अब्बास म्हणजे इराणचा सफावी शाह पहिला अब्बास (कार. १५८८–१६२९), असे सामान्यतः मानतात. वनस्पती अमेरिकेतून आलेली असल्याने हे नाव सोळाव्या शतकापूर्वीचे असू शकत नाही. तिला दिलेली ‘संध्याराग’ यांसारखी संस्कृत नावेही त्यामुळे अर्वाचीनच ठरतात. मराठीत ‘गुलबास’चे ‘गुलबक्षी’ झाले (‘बक्षी’ या परिचित शब्दाच्या ओढीने हे घडले असावे) आणि अब्बास विसरला गेला. पुढे फुलाचे नाव रंगाला मिळाले. गुलबक्षी लुगडे म्हणताना फुलाचीही आठवण होतेच असे नाही.

शास्त्रीय नावात तर एक चूकच टिकून आहे. ‘मिराबिलिस’ म्हणजे आश्चर्यकारक. ‘जलापा’ हे मेक्सिकोतील हालापा शहरावरून आले. तेथून यूरोपात जाणारे जलाप हे तीव्र रेचक याच वनस्पतीच्या मुळांपासून मिळते, असा समज होता. खरे जलाप रताळ्याच्या कुलातील आयपोमिया पर्गा या वेलीचे असते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेले नाव मात्र नामकरणाच्या नियमांनुसार कायम राहिले.

‘फूल’ हा शब्दही येथे जपूनच वापरावा लागतो. या फुलास पाकळ्या नसतात. रंगीत, नळीसारखा भाग हा संवर्त असून त्याखालचा हिरवा पेला छदांचा असतो. परागण मुख्यतः लांब सोंडेच्या निशाचर पतंगांकडून होते. फळ काळे, खरबरीत, मिऱ्यासारखे दिसते. परंतु बी व मूळ विषारी आहेत. बियांतील पांढऱ्या पिठावरून जपानी भाषेत या झाडास ‘ओशिरोइबाना’ (चेहऱ्याला लावण्याच्या पांढऱ्या पुडीचे फूल) म्हणतात.

कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञांनी पांढऱ्या-हिरव्या पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग करून, पानांचा रंग केवळ मातृवनस्पतीकडून येतो, असे १९०९ मध्ये दाखविले. मेंडेल यांच्या नियमांत न बसणाऱ्या आनुवंशिकतेचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

लागवड बियांपासून किंवा मुळांपासून करतात. पावसाळ्यात पडलेले बी आपोआपही रुजते.