पोरींकडेही चेंडू टाका

आज बचतीचं, हप्त्याचं, कर्जफेडीचं काही नाही. आज बॅट-बॉलच्या खेळाविषयी बोलायचं आहे. हसू नका. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आम्ही दहा-बारा जणींनी एकाच मोबाइलवर ती मॅच मध्यरात्रीपर्यंत बघितली. गटातल्या एका काकूंची सातवीतली नात तिथेच मांडीवर डोकं ठेवून जागी होती. पुढच्या आठवड्यात ती शाळेच्या मैदानावर गेली. मुलांनी तिला काम काय दिलं? बाभळीत गेलेला चेंडू काढून आणायचं. चार दिवस तिने तेच केलं. पाचव्या दिवशी हातात बॅट मिळाली, पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली आणि सगळे म्हणाले, "बघा, मुलींना जमत नाही."

का जमत नाही, याचा आम्ही विचार केला. पोरगा चार वर्षांचा झाला की मामा त्याला प्लॅस्टिकची बॅट आणतो. सातवीत येईपर्यंत त्याने हजारो वेळा चेंडू फेकलेला, झेललेला असतो. पोरीकडे तोवर कुणी चेंडू टाकलेलाच नसतो. तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. सांगलीच्या स्मृती मानधनाने भावाला खेळताना बघून बॅट हातात घेतली. पण जिच्या घरी खेळणारा भाऊ नाही, तिने कुणाकडे बघायचं?

आणि हा पुरुषांचाच खेळ, असं ज्या आजी-आजोबांना वाटतं त्यांच्यासाठी एक माहिती. क्रिकेटचा पहिला विश्वचषक बायकांचा झाला, १९७३ साली इंग्लंडमध्ये. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी. त्याच १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तेव्हा संघ तीनच होते.

तर आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या गटाच्या दोघी आहेत, त्याचा उपयोग झाला. रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मैदान मुलींचं, असं ठरलं. पहिल्या रविवारी नऊ जणी आल्या.

सुरुवात बॅटने करायची नाही, हे आम्हाला चुकत-चुकत कळलं. आधी चेंडूची भीती जायला हवी. शिवणकाम करणाऱ्या आमच्या ताईंनी चिंध्या गच्च गुंडाळून, वरून सुतळी विणून पाच-सहा चेंडू केले. तो लागला तरी दुखत नाही. दोघी-दोघींनी समोरासमोर उभं राहायचं आणि खालून हळू टाकायचा. झेलताना हात ताठ ठेवले की चेंडू उडून बाहेर जातो. डोक्यावरची भरली घागर दुसरीच्या हातात देताना ती जशी हात किंचित मागे घेऊन वजन पेलते, तसंच चेंडूला हातात घ्यायचं. एवढं सांगितलं आणि निम्म्या जणींना झेल जमायला लागले.

फेकण्याची गंमत वेगळीच. पोरी उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकत होत्या आणि नुसतं कोपर हलवत होत्या. चेंडू दहा पावलांवर पडायचा. आमच्यातल्या एक आत्या लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर उभ्या राहून गोफण चालवायच्या. त्या साठीच्या बाईंनी पदर खोचला, डावा पाय पुढे, डावा खांदा निशाण्याकडे, आणि कंबरेतून फिरून जो चेंडू फेकला तो कुंपणापलीकडे गेला! तेव्हापासून फेकायला आत्याच शिकवतात.

मग बॅट. लाकूड फोडताना कुऱ्हाड धरतो तसे दोन्ही हात जवळजवळ, मूठ सैल, डोकं स्थिर, नजर चेंडूवर. आधी जमिनीवर घरंगळत आलेला चेंडू मारायचा, मग एक टप्पा पडून आलेला. बॅट एकच होती, दुसरीच्या जागी धुणं बडवायचं धोपाटणं वापरलं, ते रुंद असल्याने नवख्या पोरींना बरंच पडतं. आता टेनिसचा चेंडू वापरतो, तो साठ ग्रॅमच्या आत असतो. बायकांच्या सामन्यातला कातडी चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट असल्याशिवाय तो पोरांच्या हाती देऊच नये, मुलगा असो की मुलगी. विटी-दांडूही याच जातीचा खेळ. वकट-लेंड मोजणं आमच्या आयांना पाठ आहे. पण उडालेल्या विटीने डोळा जातो, म्हणून आम्ही तो मोठ्या मुलींसाठीच ठेवला आहे आणि बघणाऱ्यांना लांब उभं करतो.

नियमात एक बदल केला. नेहमीच्या खेळात बाद झालं की बाहेर बसायचं. नवी पोरगी एकदा बाहेर बसली की पुढच्या रविवारी येत नाही. म्हणून जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीने तीन षटकं खेळायची, बाद झालं तर पाच धावा वजा, पण खेळत राहायचं. आठ जणींच्या चार जोड्या, बारा षटकं, तासाभरात डाव संपतो. धावा लिहायला आमची हिशोबाचीच वही. वजाबाकीला घाबरणारी एक मुलगी आता उभ्या-उभ्या सांगते, "काकी, बावीस वजा पाच, सतरा."

धाव घेताना दोघींनी ओरडून बोलावं लागतं: "हो", "नाही", "थांब". पहिले तीन रविवार कुणाचा आवाजच फुटेना. दोघी एकाच टोकाला जाऊन आदळायच्या. आता "नाही!" असं खणखणीत ओरडलेलं चावडीपर्यंत ऐकू येतं. गावातल्या काहींना ते आवडत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे.

डिसेंबरात एका मुलीच्या बोटाला लागलं. चूक आमचीच. झेल पुरता बसण्याआधी आम्ही टेनिसचा चेंडू जोरात फेकला आणि तिची बोटं समोर ताठ होती. बोट सुजलं. अशा वेळी बोट ओढू नका, चोळू नका. गार पाण्यात धरा, हात उंच ठेवा आणि वाकत नसेल तर दवाखान्यात नेऊन फोटो काढा. हाड शाबूत होतं. पण तिची आई आमच्याच गटात. ती बैठकीत म्हणाली, "उद्या बोट वाकडं राहिलं तर सोयरीक कशी जमायची?" कुणीच बोलेना. मग एक वहिनी म्हणाल्या, "माझी दोन बोटं उसाच्या तोडणीत कोयत्यानं गेली. तेव्हा मला कुणी कोयता खाली ठेव म्हटलं नाही."

आई काही बोलली नाही. पोरगी तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आली ती वही लिहायला, आईने तेवढीच परवानगी दिली होती. सूज आता उतरली आहे. गेल्या रविवारी आई स्वतः कुंपणापाशी येऊन उभी राहिली, हातात दुधाची किटली. चेंडू घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने किटली खाली ठेवली, चेंडू उचलला आणि परत टाकला. डावा पाय पुढे होता, असं आत्या सांगतात.