खोक्यावरचे वॅट आणि लेबलवरचे अँपियर

गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना सगळी घासाघीस ग्राफिक्स कार्डावर होते आणि उरलेल्या पैशांत बसेल तो एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग, घेतला जातो. हे उलटे व्हायला हवे. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही वीज मुख्यतः 12 व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात. त्यामुळे खोक्यावरच्या ठळक वॅटकडे न बघता बाजूच्या लेबलवर 12 व्होल्टखाली किती अँपियर लिहिलेत ते वाचावे. 54 असतील तर 648 वॅट, म्हणजे खोक्यावरचा 650 चा दावा खरा. तिथे 30 च असतील तर कामाचे 360. बाकीचा आकडा 3.3 आणि 5 व्होल्टच्या खात्यातून फुगवलेला. शिवाय आजची कार्डे क्षणभर सरासरीहून कितीतरी जास्त वीज ओढतात. म्हणूनच 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकाने मोठ्या एसएमपीएसना 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट घातली.

जास्त वॅटचा घेतला तर बिल वाढेल, ही भीती निराधार आहे; कॉम्प्युटर लागेल तेवढीच वीज ओढतो. ‘80 प्लस गोल्ड’चा शिक्का आहे ना, हा युक्तिवाद जरा वजनदार, पण तो शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो: 115 व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर 90 टक्के. व्होल्टेज किती स्थिर राहते, शॉर्ट झाल्यास संरक्षण मिळते का, याबद्दल तो मुका आहे. आणि यूपीएस आहे म्हणाल, तर तो बाहेरच्या विजेचा बंदोबस्त करतो, हलक्या एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरचा नव्हे. चांगल्या एसएमपीएससाठी पैसे कमी पडत असतील तर रंगीत दिव्यांचे पंखे वगळा. खेळात एक फ्रेमही कमी होणार नाही.