शब्दार्थ जाणावा, मग स्वाक्षरी करावी

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी शब्दकोश पाठ करण्याची आवश्यकता नसते. कर्जाची कागदपत्रेही उत्तम पाठ्यपुस्तक ठरतात. जामिनासंबंधीच्या कायद्यात येणारा ‘को-एक्स्टेन्सिव्ह’ हा शब्द पाहावा. ‘को’ म्हणजे सह आणि ‘एक्स्टेन्ट’ म्हणजे व्याप्ती, अर्थात समव्याप्त. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा नमूद नसल्यास जामीनदाराचे दायित्व कर्जदाराइतकेच असते. ‘आधी कर्जदाराकडून वसुली करा, मग माझ्याकडे या’, असे त्याला सामान्यतः म्हणता येत नाही. स्नेहापोटी केलेली स्वाक्षरी अशा वेळी आयुष्यभराच्या बचतीवर बेतू शकते.

‘हायपोथिकेशन’ आणि ‘प्लेज’ या शब्दांतही असाच महत्त्वाचा भेद आहे. दोन्हींत तारण असते. मात्र पहिल्यात वाहन कर्जदाराच्याच ताब्यात राहते, तर दुसऱ्यात दागिने बँकेच्या ताब्यात जातात.

अपरिचित शब्दाची फोड करावी, त्याच्या जवळच्या शब्दाशी तुलना करावी आणि अर्थ मातृभाषेत लिहून ठेवावा. तरीही शंका उरल्यास शाखेतील अधिकाऱ्यांना निःसंकोच विचारावे. अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता स्वाक्षरी करण्यात मात्र धोका आहे.