महिनाभर रोज नवं काही

महिनाभर रोज काहीतरी नवं करायचं, हे खूळ मेंदूला चांगलंच मानवतं. अनोळखी गोष्ट समोर आली की मध्यमेंदूतल्या पेशी डोपामाइन हे रसायन सोडतात. ते हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागापर्यंत पोचलं की आठवण पक्की व्हायला मदत होते. त्यामुळे रोजचं दात घासणं आठवत नाही, पण एके दिवशी डाव्या हाताने घासले, तर हनुवटीवरून ओघळलेल्या फेसासकट ते संध्याकाळीही आठवतं.

सवय लागणं ही मात्र वेगळीच भानगड. तिथे तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाला २५४. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, म्हणजे हा मोठा आकडा गणिताने काढलेला!) अधूनमधून एखादा दिवस बुडाला, तरी फारसं बिघडलं नाही.