संपादक आपला, नोंदवही सर्वांची
सॉफ्टवेअर घडवताना दोन साधने सतत लागतात: मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठीचा मजकूर-संपादक, म्हणजे टेक्स्ट एडिटर, आणि कोणते काम कोणाकडे आहे व कोणता दोष शिल्लक आहे हे टिपणारी कामनोंद प्रणाली. ब्रॅम मोलेनार यांच्या १९९१ मधील ‘विम’ या संपादकात आज्ञा-अवस्थेत ‘डी’ दोनदा दाबताच पूर्ण ओळ जाते, त्यामुळे कामाला वेग येतो, मात्र त्याच्या आज्ञा अंगवळणी पडायला वेळ लागतो. उलट मायक्रोसॉफ्टचा २०१५ मधील ‘व्हीएस कोड’ नवशिक्यालाही चटकन वापरता येतो. संपादक ही सवयीची बाब असल्याने तो ज्याने त्याने निवडावा. परंतु मोझिला प्रकल्पातील ‘बगझिला’ किंवा अ‍ॅटलासियनची ‘जिरा’ यांसारखी नोंदप्रणाली साऱ्या गटाने एकच वापरावी, कारण नोंदी विखुरल्या की जबाबदारीही विखुरते.